शेवटच्या सीटचा हिस्सा

९ जानेवारी २०२३, सोमवार

नव्या वर्षाचे संकल्प. आठ दिवस उशीर झाला, पण पहिला आठवडा रागातच गेला, त्याला मी काय करणार. एरवी मी आयुष्यात कुठे उशिरा गेलेलो नाही. शाळासुद्धा कधी चुकवली नाही. (शाळा घरासमोरच होती. घंटा ऐकून पायात बूट घातले तरी पोचायचो.)

तर संकल्प. रोज एक गाणं लिहायचं. बर्फ घातलेला गोड चहा बंद. आणि कुणाचं ऐकून घ्यायचं नाही, ओडेल क्रॅबट्रीचं तर मुळीच नाही.

राग कशाचा तेही लिहून ठेवतो, उद्या कुणी म्हणायला नको की लॉयल प्रुएट उगाच भडकतो. आज दुकानात पेंटच्या काउंटरवर एका बाईला पिस्ता रंग कालवून देत होतो. छताच्या स्पीकरवर 'शेवटची सीट' लागलं. माझं गाणं. बाई गुणगुणायला लागली. मी म्हणालो, हे मी लिहिलंय. बाई म्हणाली, हो का, आणि नदीवरचा पूल माझ्या नवऱ्याने एकट्याने बांधलाय, रंग जरा फिका वाटतोय बघा.

नॅशव्हिलमध्ये हे असंच. इथे रस्त्यात दगड मारला तर गाणी लिहिणाऱ्याला लागतो, म्हणून खऱ्या माणसावर कुणाचा विश्वास उरलेला नाही.

गाणं जुनं, पण कुणी गायलं ते आत्ता; सप्टेंबरपासून वाजतंय. रेडिओवर, फोनवर, पेट्रोल पंपावर, दाताच्या डॉक्टरकडे. माझ्या हातात आजवर काय पडलं? शून्य. ओडेलने नवीन पिकअप घेतली. निळी. यावर आणखी काय लिहायचं.

११ जानेवारी, बुधवार

गोड चहा प्यायलो. एकच ग्लास. मोठा.

प्रकरण नीट मांडून ठेवतो. एप्रिल २०१३. ओडेलची मागची खोली. आम्ही तिघं. मी. ओडेल, जो तीस वर्षं माझा मित्र म्हणवून घेतोय. आणि व्हर्लीन गोफोर्थ. व्हर्लीन शाळेची बस चालवते, आणि सकाळची फेरी संपून दुपारची सुरू होईपर्यंत जो वेळ मिळतो त्यात गाणी लिहिते. त्या दिवशी येताना हॅम भरलेले पाव घेऊन आली होती.

आमच्याकडे नियम असा, की गाणं लिहिलं जाताना जो खोलीत असेल त्याला सारखा हिस्सा. कुणी किती शब्द दिले ते मोजत बसायचं नाही. तिघं असले की तीन सारखे वाटे. मग एकाने नुसते पाव आणले असले तरी. याला म्हणतात आयत्या बिळावर नागोबा.

नियम वाईट आहे असं मी म्हणत नाही. लोक वाईट आहेत.

१७ जानेवारी, मंगळवार, संध्याकाळी ६

ओडेलचा फोन. उचलायचा नव्हता, चुकून उचलला. म्हणाला, अरे गाढवा, गाण्यांच्या पैशाच्या वसुली ऑफिसात नाव नोंदवलंस का? आम्ही दोघांनी गाणं नोंदवताना तुझं नाव आणि तुझा तिसरा हिस्सा लिहून ठेवलाय, पण तू तुझा नंबर आणि बँकेचं खातं दिल्याशिवाय ते पैसे पाठवणार कुणाला? चार महिने घसा कोरडा करतोय. तुला पत्रं आली असतील बघ.

पत्रं आलेली आहेत. ओव्हनखालच्या खणात आहेत. चौदा. मी उघडत नाही. असलं पाकीट उघडलं की आतलं आपल्याला मान्य आहे असा अर्थ होतो. हे मला कुणी सांगितलं आठवत नाही, पण ज्याने सांगितलं तो हुशार होता.

फोन ठेवल्यावर विचार केला. ओडेल आपणहून मला तिसरा हिस्सा घे म्हणतोय. का? कुठला चोर आपणहून चोरीतला वाटा देतो? जो तिसरा द्यायला तयार आहे, त्याने नक्कीच पूर्ण लुबाडलेलं असणार.

एवढी साधी गोष्ट चार महिने माझ्या लक्षात कशी आली नाही?

२६ जानेवारी, गुरुवार

वसुली ऑफिसला फोन केला. बावन्न मिनिटं संगीत ऐकवलं. माझं नव्हतं.

मग मिस आयव्ही नावाची पोरगी फोनवर आली. तिने सांगितलं ते असं. गाणं कुठेही वाजलं की त्याची नोंद होते. प्रत्येक गाण्याला एक नंबर. त्या नंबराला लिहिणाऱ्यांचे नंबर जोडलेले. त्या नंबरांना बँकेची खाती. ही साखळी पूर्ण असली की पैसे आपोआप घरंगळत खाली येतात. एक कडी नसली की मध्येच अडकतात आणि पडून राहतात. ती म्हणाली, मिस्टर प्रुएट, तुमची शेवटची कडी नाहीये. दहा मिनिटांचं काम आहे, आत्ता करून टाकू या?

मी म्हणालो, मला घाई करू नका. ती म्हणाली, घाई नाही, पण वर्षानुवर्षं कुणी विचारायलाच आलं नाही तर पडून राहिलेले पैसे शेवटी मोठ्या कंपन्यांत वाटले जातात. मी म्हणालो, अस्सं. ती म्हणाली, म्हणून तर पत्रं पाठवतो. आवाज गोड. पण गोड आवाजाच्या लोकांनीच मला आजवर फसवलंय.

रोज एक गाणं: आजपर्यंत शून्य. मन थाऱ्यावर नसताना कला होत नाही.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

आठवलं. सगळं आठवलं.

'शेवटची सीट' हे गाणं उभं आहे ते एका ओळीवर. बसवाली बाई सगळी पोरं उतरल्यावर मागपर्यंत चालत जाते, शेवटच्या सीटवर कुणी झोपून राहिलंय का बघायला. ती ओळ माझी. लहानपणी मी बसने शाळेत जायचो, एकदा मागच्या सीटवर झोप लागली, अंधार पडला, कुणी आलंच नाही. ते दुःख मी चाळीस वर्षं छातीशी धरून होतो आणि त्या दिवशी खोलीत बोलून दाखवलं. ते दोघं नुसते बघत राहिले. व्हर्लीनच्या डोळ्यांत पाणी आलं असावं.

ओळ माझी, तर गाणं माझं. बाकीचं काय, यमकं.

दुपारी ऑफिसच्या वेबसाइटवर फॉर्म भरला. तुमचा हिस्सा किती, असं विचारलं होतं. मी लिहिलं १००. संगणकाने विचारलं, नक्की? मी म्हणालो, नक्की. फार हलकं वाटलं. गोड चहा घेतला, आज हक्काने.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

व्हर्लीनचा फोन. मी सावध झालो, पण तिला अजून काही कळलेलं दिसत नाही. म्हणाली, लॉयल, मी नोकरी सोडतेय रे. बावीस वर्षं झाली पहाटे चारला उठतेय, आता पुरे. मार्चअखेरीला गाण्याचा पहिला मोठा चेक येतोय, त्यावर हिशेब घातलाय. आता रोज सकाळी कॉफी पिऊन, बसून, माणसासारखी गाणी लिहिणार. २४ तारखेला बस डेपोत केक कापतायत, तू यायचंस. तुझ्याशिवाय कसं होईल?

मी म्हणालो बघतो. फॉर्मबद्दल बोललो नाही. डाव असा उघडा करायचा नसतो. शिवाय आज व्हॅलेंटाइनचा दिवस होता, कशाला एखादीचा दिवस खराब करा. मला हे असं दुसऱ्याचं मन जपणं नडतं.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

गेलो. न जाणं संशयास्पद दिसलं असतं. पिवळ्या बसच्या आकाराचा केक. मी मागचं चाक खाल्लं. पोरांनी कागदावर चित्रं काढून दिली होती, एकात व्हर्लीनला चार हात होते. ओडेलने भाषण केलं, लोक रडले. व्हर्लीनने सगळ्यांना सांगितलं की हे बघा, हा लॉयल, हाही आहे बरं का गाण्यात. हाही! मालकाला पाहुणा म्हणून दाखवायचं, याला धाडस लागतं.

मागचं चाक कोरडं होतं.

९ मार्च, गुरुवार

विजय.

ऑफिसचं पत्र आलं, हे मात्र मी उघडलं. गाण्यावरचे हक्क एकशे सहासष्ट टक्के आणि वर काही अपूर्णांक इतके झाले आहेत, असं लिहिलंय. म्हणजे माझे शंभर आणि त्या दोघांचे तेहेतीस-तेहेतीस. गाणं शंभर टक्क्यांहून जास्त असू शकत नाही, म्हणून वाद मिटेपर्यंत सगळ्यांचे पैसे रोखले आहेत. सगळ्यांचे.

बरं झालं. आता कळेल.

संध्याकाळी ओडेलचा फोन. तो जे बोलला ते मी इथे लिहीत नाही, आईच्या हातात ही वही पडली तर? (आई २००९ मध्ये गेली. तरीपण.) त्यातलं लिहिण्याजोगं एवढंच. म्हणाला, लॉयल, तुला काय करायचं ते माझ्याशी कर, मी पिकअप विकीन नाहीतर काही करीन. पण त्या बाईने नोकरी सोडली आहे, तिच्या पोटावर पाय का देतोस? मी म्हणालो, कायदा आहे. तो म्हणाला, कायदा तुझ्या तोंडात शोभत नाही, तुझ्या गाडीच्या नंबर प्लेटची मुदत संपून सहा महिने झालेत.

ही त्याची पातळी.

२० मार्च, सोमवार

व्हर्लीन डेपोत परत गेली म्हणे. तिची जुनी फेरी दुसऱ्याला दिली होती. तिला जोल्टनच्या टेकडीवरची दिली आहे, वळणांची, पहिलं पोर पहाटे पाच पस्तीसला. मागच्या आठवड्यात तिकडे रस्त्यावर बर्फ होतं. हे सगळं ओडेलने निरोपात लिहून पाठवलं, वर विचारलंय, झोप लागते का तुला?

लागते. का लागू नये? मी फक्त फॉर्म भरला. बस काही मी चालवायला लावलेली नाही. आणि पहाटे उठणं तब्येतीला चांगलं.

(काल मात्र लागली नाही. रात्री मिरचीचं चिकन खाल्लं होतं.)

२२ मार्च, बुधवार

पुरावा सापडला.

मी कुठल्याही खोलीत लिहायला बसलो की छोटा टेपरेकॉर्डर चालू करून ठेवत असे. लोक चोर असतात म्हणून. आणि कॅसेट दुसऱ्या दिवशी रजिस्टर पोस्टाने स्वतःच्याच पत्त्यावर पाठवत असे. पाकीट आलं की उघडायचं नाही. पोस्टाच्या शिक्क्याची तारीख हाच पुरावा; उघडलं की पुरावा मेला. आमच्यातल्या प्रत्येक जुन्या माणसाला हे ठाऊक आहे. आजकालची पोरं हसतात. हसू देत.

बुटांच्या खोक्यात ते पाकीट मिळालं. शिक्का १९ एप्रिल २०१३. चिकटपट्टीवर माझी आडवी सही. दहा वर्षं कुणाचा हात लागलेला नाही, माझासुद्धा. आत माझी ओळ माझ्या आवाजात बसली आहे. ऐकायची गरज नाही. मला माहीत आहे.

४ एप्रिल, मंगळवार

मिस आयव्हीला पाकिटाबद्दल सांगितलं. तिने ते लिहून घेतलं. मग म्हणाली, मिस्टर प्रुएट, कोण खरं ते आम्ही ठरवत नाही. तुम्ही तिघं बसून एकमताने आकडे कळवा. ते नाही जमलं तर कोर्ट. मी विचारलं, त्या दोघांनी काय कळवलंय? म्हणाली, दोघांनीही तिघांचे सारखे हिस्से लिहिलेत, आणि त्या दिवशीच्या कागदावर तुमचीही सही आहे.

सही आहे, मान्य. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं, त्या अवस्थेत केली.

ठरवलं. दोघांना बोलवायचं. चारचौघांत. गॅलटिन रोडवरच्या त्या खाणावळीत, जिथे दुपारी निम्मे गाणी लिहिणारे जेवायला असतात. गुरुवारी, तेराला. सगळ्यांसमोर पाकीट फोडायचं.

१२ एप्रिल, बुधवार

तयारी. जुन्या वस्तूंच्या दुकानातून कॅसेट प्लेअर आणला, सहा डॉलर. तपकिरी कोट झटकला. भाषण पाठ केलं. शेवट असा: मी बदला घेणारा माणूस नाही, तुम्हाला दोघांना मी पाच-पाच टक्के देऊन टाकतो. इथे जरा थांबायचं. व्हर्लीन बहुधा रडेल. तिला रुमाल द्यायचा. (रुमाल धुणे.)

बिल त्यांनी द्यावं. ते काही मी बोलून दाखवणार नाही. त्यांचं त्यांना कळेल.

१३ एप्रिल, गुरुवार, दुपारी ४

लिहायचं नव्हतं. पण न लिहावं तर वही म्हणेल की जिंकला असता तर लिहिलं असतं.

अकराला पोचलो. ओडेल आधीच बसला होता, त्याने मान हलवली. व्हर्लीन सव्वा अकराला आली, बसच्या जॅकेटमध्येच, डोळे सुजलेले. एक वाजून पन्नासला डेपोत हजर व्हायचंय, लवकर काय ते आटप, म्हणाली. वाढणारी नेल्डा आली. ओडेलने खिम्याचा मीटलोफ आणि तीन भाज्या सांगितल्या. व्हर्लीनने नुसती कॉफी. मीही तळलेली भेंडी, पालेभाजी, मका सांगून टाकलं, म्हटलं अशा वेळी पोट रिकामं नसावं.

मी उभा राहून बोललो. शेजारच्या टेबलावरचे दोघं मागे वळले, तेही लिहिणारे, तोंडओळख आहे. मी पाकीट हात उंच करून दाखवलं, शिक्का दाखवला, नेल्डाच्या सुरीने फोडलं. कॅसेट घातली. बटण दाबलं आणि खाली बसलो.

पहिली अकरा मिनिटं मी. फोनवर. गाडीच्या बॅटरीच्या दुकानदाराशी वॉरंटीवरून भांडतोय. ओडेल खाता खाता म्हणाला, हे कडवं रेडिओवर कापलं का रे? शेजारचे हसले. मी म्हणालो, थांबा.

मग माझा आवाज: पाव अजून आहेत का?

मग व्हर्लीनचा. दहा वर्षांपूर्वीचा, जरा कोवळा. सांगतेय, आज बाई काय झालं ऐका. रोज शेवटचं पोर उतरलं की मागपर्यंत चालत जायचं, एकेक सीट बघायची, मागचं बटण दाबायचं, मगच बस बंद. आज डोकं दुखत होतं, वाटलं एक दिवस नाही गेलं तर काय बिघडणार आहे. तरी गेले. शेवटच्या सीटवर पहिलीतलं एक पोर, गाढ झोपलेलं, बूट उलटे घातलेले. त्याला उचललं तेव्हा जागं झालं आणि मला म्हणालं, तू आलीस होय. मग ती ओळ म्हणाली. एकदा बोलून, आणि एकदा चालीवर.

ओडेलने गिटार उचलल्याचा आवाज आला.

आणि मग मी. अगदी स्पष्ट, खणखणीत. म्हणतोय, हे काय, बसवाल्यांचं रडगाणं? असलं कोण गाणार आहे? फेकून द्या ती ओळ. त्यापेक्षा ट्रकवर काहीतरी लिहू.

मी बटणाकडे हात नेला. व्हर्लीनने माझं मनगट धरलं. राहू दे, म्हणाली, दहा वर्षं जपलंयस, ऐक आता.

पुढे एक घरघर सुरू झाली. नेल्डा चहाचा जग घेऊन तिथेच उभी होती, तिने विचारलं, हे कसलं इंजिन? ओडेल म्हणाला, हा लॉयल. झोपला की असाच चालतो. आता शेजारचे हसले नाहीत, त्यांनी नजर ताटात घातली. ते जास्त वाईट होतं.

अख्खं गाणं माझ्या घोरण्यावर झालं. पहिलं कडवं, दुसरं कडवं, ते मधलं वळण, सगळं. दोघं भांडत होते, हसत होते, एक शब्द तीन वेळा बदलत होते. कसं झालं ते मी आज पहिल्यांदा ऐकलं. सुंदर झालं. ते मला मान्य करावं लागलं.

शेवटी टेपवर ओडेल विचारतोय, कागदावर नावं लिहू ना? याचं काय करायचं? याने नुसते पाव खाल्लेत. दोघांत अर्धं-अर्धं करून टाकू. व्हर्लीन म्हणाली, नाही, तीन लिही. ओडेल म्हणाला, अगं तो झोपलाय. व्हर्लीन म्हणाली, झोपलाय, पण गाडीत होता ना? मग मोजायचा. चार वर्षांत बिचाऱ्याचं एक गाणं कुणी गायलेलं नाही. उठव त्याला, सही करू दे.

मग खुर्चीचा आवाज. मग मी: किती वाजले? मग पेनाचा आवाज. मग मी, जांभई देत: ती ओळ तशी माझ्या डोक्यात होतीच म्हणा.

तिथे कॅसेट संपली. बटण आपोआप वर आलं.

भाषण आठवत नव्हतं. रुमाल माझ्या खिशात होता, तो मीच वापरला. लाज वाटली, सरळ लिहितो. कान तापले, आणि मला कुणाकडे बघता येईना, भेंडीकडेसुद्धा.

ओडेलने केळ्याचं पुडिंग मागवलं आणि शेवटपर्यंत खाल्लं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

व्हर्लीनने कॉफी संपवली. म्हणाली, लॉयल, तो फॉर्म आज मागे घे. आज म्हणजे आज. तुझा तिसरा हिस्सा तुझाच आहे, त्याला कुणी हात लावणार नाही. तू खोलीत होतास, मी शब्द दिला होता, विषय संपला. महिनाभर मी टेकडीवर अंधारात बस काढतेय, तो गेला, तो काही तू परत देणार नाहीस. पण एक सांगते. यापुढे मी ज्या खोलीत असेन, त्या खोलीत तू यायचं नाहीस.

ओडेलकडे बघितलं. तो म्हणाला, माझ्यापण.

मग तिने टेबलावर पाच डॉलर नेल्डासाठी ठेवले आणि गेली. बिल ओडेलने दिलं. माझंही.

१४ एप्रिल, शुक्रवार

फॉर्म मागे घेतला. मिस आयव्ही म्हणाली, रोखलेले पैसे आता मेच्या वाटपात निघतील, त्याआधी नाही. मी विचारलं, फक्त व्हर्लीनचे तेवढे आधी नाही का काढता येणार? म्हणाली, नाही हो, तसं करता येत नाही. मग म्हणाली, आता तुमचा स्वतःचा हिस्सा नोंदवून टाकू. किती लिहू?

शून्य म्हणता आलं असतं. जिभेवर आलं होतं. ती म्हणाली, मिस्टर प्रुएट, आहात ना?

मी म्हणालो, तेहेतीस पूर्णांक तेहेतीस. नियम म्हणजे नियम.

दहा मिनिटांत झालं सगळं. ती खरं म्हणत होती.

१५ मे, सोमवार

चेक आला. आकडा लिहीत नाही. पेंटच्या काउंटरवर उभं राहून वर्षभरात मिळतं त्याहून जास्त. घोरण्याचा भाव बरा आहे.

ओव्हनखालची चौदा पत्रं आज उघडली. चौदाही पत्रांत एकच मजकूर: तुमचे पैसे आमच्याकडे आहेत, कृपया येऊन घेऊन जा.

२४ मे, बुधवार

डेपोकडून जात होतो. तिकडे काही काम नव्हतं, खोटं कशाला लिहू. उद्या शाळेचा शेवटचा दिवस, म्हणजे व्हर्लीनचाही. या वेळी केक नाही असं ऐकलं, तिनेच नको म्हटलं.

कुंपणापाशी गाडी लावली. तिची बस आत येऊन माझ्या समोरच पाठमोरी थांबली. रिकामी. ती उठली आणि मागपर्यंत चालत आली, एकेक सीट बघत. शेवटच्या सीटशी वाकली. सरळ झाली तेव्हा मागच्या काचेतून मी दिसलो असणार, वीस फुटांवर होतो. मी हात वर केला.

तिने बटण दाबलं, आतला दिवा मालवला आणि पुढच्या दाराने उतरून गेली.

१२ जून, सोमवार

नवे संकल्प. रोज एक गाणं, आता खरंच. चेकच्या पैशातून मागची खोली रंगवली, पिस्ता. तीन खुर्च्या मांडल्या. सात जणांना फोन केले. चौघं बिझी आहेत, दोघांनी उचलला नाही, एकाने विचारलं, तोच तू, कॅसेटवाला?

बारा ते तीन एकटाच बसलो. टेपरेकॉर्डर चालू होता. खोलीत दुसरं कुणी नाही, म्हणजे नियमाप्रमाणे शंभर टक्के माझंच.

अजून ओळ सुचलेली नाही.